मुळांनाही हवा लागते: फुटपाथवरचं झाड आतून कसं गुदमरतं

पुण्यात कुठल्याही पेठेतून किंवा उपनगरातून चालताना झाडांच्या बुंध्यांकडे बघा. काही झाडांभोवती मातीचा चौकोन मोकळा असतो, काहींच्या सालीला पेव्हर ब्लॉक थेट टेकलेले असतात, तर काहींच्या बुंध्याला काँक्रीट चारही बाजूंनी चिकटलेलं असतं. असं झाड वाळलं की लोक म्हणतात पाणी कमी पडलं, कीड लागली, वय झालं. हवा कमी पडली असं सहसा कुणी म्हणत नाही. शाळेत 'वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात' हे पक्कं डोक्यात बसतं, पण 'वनस्पती श्वसनही करतात' हे वाक्य पुस्तकातच राहतं. आणि मुळं श्वसन करतात, तेही रात्रंदिवस, ही गोष्ट तर बहुतेकांच्या गावीही नसते. ती नीट समजली की झाड लावणं, कुंडीला पाणी घालणं आणि फुटपाथ बांधणं या तिन्ही गोष्टी आपण वेगळ्या पद्धतीने करू लागतो.

झाडाचं वजन येतं कुठून?

आधी एक जुना गैरसमज बाजूला ठेवू. झाड माती 'खाऊन' वाढत नाही. व्हॅन हेलमाँट या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात साधारण ९१ किलो कोरडी माती एका कुंडीत भरली, त्यात सव्वादोन किलो वजनाचं विलो जातीचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड जवळजवळ ७७ किलोचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम ५७ ग्रॅमनी कमी झाली होती. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. १६४८ साली हा प्रयोग छापून आला. निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याला माहीत नव्हता.

आज हा हिशोब ग्रॅममध्ये मांडता येतो. पान सूर्यप्रकाशात २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०८ ग्रॅम पाणी वापरून १८० ग्रॅम ग्लुकोज बनवतं आणि १९२ ग्रॅम ऑक्सिजन बाहेर सोडतं. दोन्ही बाजूंची बेरीज ३७२ येते, काहीही हरवत नाही. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. मातीतून येतात ते नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश, लोह यांसारखे क्षार. ते वजनाने थोडे असतात, पण त्यांच्यावाचून पान हिरवंच होत नाही.

आता मुद्दा असा की साखर बनते पानात, आणि ती लागते झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीला. मुळं अंधारात असतात, त्यांच्यात हरितद्रव्य नसतं. त्यांना लागणारी साखर वरून खाली यावी लागते.

गुटी कलम नेमकं काय दाखवतं

साखर खाली कुठल्या वाटेने येते हे बघायचं असेल तर सासवड-पुरंदरकडच्या एखाद्या रोपवाटिकेत डाळिंबाची किंवा पेरूची गुटी बांधताना बघावी. गुटी म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून तिचं नवं रोप करणं. साधारण पेन्सिलीएवढी जाड, वर्षभराची निरोगी फांदी निवडतात. धारदार चाकूने दोन समांतर गोल काप देऊन मधली अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल कड्यासारखी काढून टाकतात. खाली पांढरंशुभ्र लाकूड दिसतं. त्यावर बोटाला बुळबुळीत लागणारा एक पातळ थर असतो, तो चाकूच्या पाठीने खरवडून काढतात. मग ओलं, पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) त्यावर मूठभर बांधून वरून प्लास्टिक गुंडाळतात आणि दोन्ही टोकं सुतळीने घट्ट आवळतात. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात, आणि फुटतात ती कायम कड्याच्या वरच्या काठावर.

या एका कामात झाडाची अख्खी वाहतूक उघडी पडते. साल काढली तरी फांदीची पानं कोमेजत नाहीत, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या सालीत नाहीत, आतल्या लाकडात आहेत. मुळं वरच्या काठावर फुटतात, म्हणजे पानांकडून खाली निघालेली साखर आणि मुळं फोडणारं संप्रेरक तिथे येऊन अडलं. ती वाट सालीच्या आतल्या थरातून जाते, तिला रसवाहिन्या म्हणतात. आणि तो बुळबुळीत थर म्हणजे कॅम्बियम. त्याच्या पेशी सतत विभागत राहतात, आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल तयार करतात. नवशिक्यांच्या गुट्या फसतात त्या इथेच. कॅम्बियम खरवडायचं राहिलं तर काही दिवसांत साल पुन्हा जुळते, साखर खाली जाऊ लागते आणि मुळं फुटतच नाहीत.

फांदीला गुटी बांधली तर नवं रोप मिळतं. हीच गोष्ट अख्ख्या खोडाला झाली तर झाड मरतं. रोषणाईच्या माळांची किंवा फलकाची तार खोडाभोवती आवळून बांधलेली असते. खोड जाड होत जातं, तार तेवढीच राहते. तीन-चार वर्षांत ती सालीत रुतते, रसवाहिन्या दाबल्या जातात, तारेच्या वरच्या बाजूला खोड फुगतं आणि खाली मुळांची उपासमार सुरू होते. पानं त्या वर्षी हिरवीच दिसतात, कारण पाणी वर चढतच असतं. मुळांमध्ये साठवलेला स्टार्च संपला की मग झाड वरून वाळायला लागतं. तार दिसली तर ती कापावी, पण खोलवर रुतलेला भाग ओढून काढू नये. त्याने वर जिवंत राहिलेली सालही सोलली जाते.

साखर पोचली, आता ती जाळायची कशी?

श्वसन म्हणजे वर दिलेला हिशोब उलटा. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण वापरायला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे मुळांना वजनाने साखरेपेक्षा ऑक्सिजन जास्त लागतो! पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर आहे. इथल्या हवेच्या दाबाला आणि २५ अंश तापमानाला एवढा ऑक्सिजन साधारण ७५० लिटर हवेत असतो. पाऊण घनमीटर हवा, ती फक्त १८० ग्रॅम साखरेसाठी. ही हवा मुळापर्यंत मातीतूनच पोचायची असते, कारण बहुतेक झाडांत पानाने सोडलेला ऑक्सिजन नळीतून मुळापर्यंत नेण्याची सोय नसते. भातात आणि कमळात पोकळ्यांची तशी ऊती असते, म्हणून ती चिखलात तगतात. कोकणातल्या खाडीकाठचं तिवर तर चिखलातून वर श्वसनमुळांची टोकं काढतं. आंबा, कडुनिंब, गुलमोहर यांच्याकडे यातलं काही नाही.

ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपीचे सुमारे ३० ते ३२ रेणू मिळतात. एटीपी म्हणजे पेशीत कामाला लागणारी ऊर्जा साठवणारा रेणू. ऑक्सिजन नसेल तर मिळतात फक्त २. ऑक्सिजनविना पळवलेल्या आपल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं, मुळात आधी थोडं लॅक्टिक आम्ल आणि मग अल्कोहोल तयार होतं. आपला मेंदू ऑक्सिजनविना काही मिनिटांतच निकामी होऊ लागतो. मुळं काही तास ते काही दिवस तग धरतात, पण दोघांच्या पेशीतली यंत्रणा एकच आहे, तीच तंतुकणिका, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणारा पेशीचा भाग.

घरी हे तपासायला मोड आलेली मटकी पुरते. शंभर ग्रॅम मटकी आठ-दहा तास भिजवा, निथळून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतील. पानाला लावायचा चुना चमचाभर घेऊन अर्धा लिटर पाण्यात ढवळा, झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या. ही चुन्याची निवळी. चुना डोळ्यांना घातक असतो, म्हणून मुलांना ढवळू देऊ नका. आता घट्ट झाकणाच्या दोन बरण्या घ्या. एकीत मोडाची मटकी, दुसरीत तेवढीच मटकी, पण उकळून गार केलेली. दोन्हींत एकेक लहान वाटी निवळी ठेवून झाकणं लावा. काही तासांत पहिल्या बरणीतली निवळी दुधाळ होते, दुसरीतली बरीचशी तशीच राहते. श्वसनातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा अविद्राव्य क्षार बनला, तोच हा दुधाळपणा. प्रयोग बहुधा दोन कारणांनी फसतो. निवळी उघडी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळेच तिच्यावर साय धरते. आणि उकळलेली मटकी दोन दिवस तशीच ठेवली तर जिवाणू वाढून तिचीही निवळी दुधाळ करतात. म्हणून निकाल त्याच दिवशी बघावा.

बरण्या अंधारात ठेवल्या तरी हेच होतं आणि उन्हात ठेवल्या तरी हेच. श्वसनाला दिवस-रात्र नाही. यावरून आठवलं, 'पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो' हा संदेश अजूनही फिरत असतो. प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून येतो आणि तो फोडायला प्रकाशच लागतो. अंधारात कुठलीही हिरवी वनस्पती ऑक्सिजन सोडत नाही. स्नेक प्लांटसारख्या काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात, एवढंच. उलट बाजूने, रात्री खोलीत कुंडी असली तर गुदमरायला होतं हीसुद्धा उगाचची भीती. माणूस दिवसभरात श्वासावाटे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, एखाद्या कुंडीतलं झाड त्यापुढे नगण्य.

मुळं ही ऊर्जा खर्च कुठे करतात

मूळ हे मातीत घुसणारं जिवंत टोक आहे. टोकाला मूलटोपी, तिच्या मागे सतत विभागणाऱ्या पेशी, मग लांबणाऱ्या पेशी, आणि त्याच्या मागे मिलिमीटरभर लांबीचे मूलरोम. हे मूलरोम काही दिवसच जगतात, मग झडतात आणि टोकाकडे नवे येतात. म्हणून पाणी पिणारं क्षेत्र टिकवायचं असेल तर मूळ वाढतच राहायला हवं, आणि वाढायला ऊर्जा लागते. दुसरा मोठा खर्च क्षारांचा. मातीतल्या पाण्यात पोटॅश, नायट्रेट फार विरळ असतात, पेशीत ते कितीतरी दाट असतात. विरळ बाजूकडून दाट बाजूकडे ते ढकलत न्यावे लागतात आणि दर वेळी त्याला एटीपी खर्ची पडतो.

पाण्याचं मात्र वेगळं आहे. झाड जे पाणी शोषतं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांतून वाफ होऊन निघून जातं. हा बाष्पोच्छ्वासच जलवाहिन्यांतला पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचतो. डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं आणि ते आजही टिकून आहे. जलवाहिन्या मेलेल्या पेशींच्या असतात, त्यांना ऑक्सिजन लागत नाही. मग मुळं गुदमरली तरी पाणी चढत राहायला हवं ना? तसं होत नाही. मातीतून जलवाहिनीपर्यंत पोचायच्या आधी पाण्याला मुळाच्या जिवंत पेशींच्या एका वर्तुळातून जावंच लागतं, कारण त्या पेशींच्या मधल्या फटी मेणचट पट्ट्याने बंद असतात. या पेशींच्या पटलात पाण्यासाठी खास प्रथिनांची छिद्रं असतात, अॅक्वापोरिन. त्यांच्या शोधासाठी पीटर अग्र यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ऑक्सिजन संपला की पेशीतला द्रव आम्लधर्मी होतो आणि ही छिद्रं मिटतात. मुळं पाण्यात बुडलेली असूनही झाड तहानेलं राहतं.

बाल्कनीतल्या कुंड्यांचे निम्मे मृत्यू याच कारणाने होत असावेत. जुलैत तुळस मान टाकते, घरचे म्हणतात सुकली आणि अजून तांब्याभर पाणी ओततात. दुपारी मलूल झालेलं रोप रात्री ताजं झालं तर त्याला तहान लागली होती. ओल्या मातीत असूनही सकाळी मलूलच असेल, खालची पानं पिवळी पडत असतील आणि बोट खुपसल्यावर मातीला सडका वास येत असेल, तर मुळं गुदमरली आहेत. पानं पिवळी पडायचं कारणही हवेशीच जोडलेलं आहे. ऑक्सिजन संपल्यावर मातीतले काही जिवाणू त्याऐवजी नायट्रेट वापरतात, आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो.

कुंडीच्या तळाला खडीचा थर घालायची पद्धत इथे घराघरांत आहे. तिचा उपयोग होत नाही, तोटाच होतो. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते सीमेवर अडून राहतं, म्हणजे भिजका थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे. त्यापेक्षा अख्खं मिश्रणच भुसभुशीत करावं: चार भाग माती, तीन भाग शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग कोकोपीट आणि विटांचा जाड चुरा मिळून. नुसती काळी माती कुंडीत भरू नये. आणि खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकावं.

मातीत हवा असते तरी किती

चांगल्या मातीचं निम्मं आकारमान पोकळ असतं, आणि त्या पोकळीत साधारण अर्धं पाणी, अर्धी हवा. मातीतल्या हवेत ऑक्सिजन वरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड कितीतरी पट जास्त, कारण मुळं, बुरशी, गांडुळं, जिवाणू सगळेच श्वास घेत असतात. ऑक्सिजन १० टक्क्यांच्या खाली गेला की बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ मंदावते, ५ टक्क्यांच्या आसपास ती थांबते. म्हणून अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या ३० ते ६० सेंटिमीटरमध्येच असतात. जेवढं झाड वर तेवढंच खाली, हे चित्र चुकीचं आहे. मुळं आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर, पुष्कळदा दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत.

पोकळ्या पाण्याने भरल्या की अडचण सुरू होते. ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. माती नदीकाठी काळी, टेकड्यांकडे पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा खडक. काळी माती ओली झाली की फुगते आणि मोठ्या पोकळ्या मिटतात. मुरमात दीड-दोन फुटांचा खड्डा खणून त्यात पोयट्याची माती भरून रोप लावलं, तर पावसाळ्यात तो खड्डा तळाला भोक नसलेल्या बादलीसारखा भरून राहतो.

रोप लावायच्या आधी हे तपासता येतं. एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला अडीच सेंटिमीटर तरी पातळी उतरली पाहिजे. त्याहून हळू उतरत असेल तर खड्डा आणखी खोल करून उपयोग नाही. तो रुंद करावा, पहारीने तळाचा आणि कडांचा मुरूम फोडावा, एका बाजूने चर काढावा, किंवा ती जागा कदंब, अर्जुन अशा ओल सोसणाऱ्या झाडाला द्यावी.

फुटपाथखाली काय होतं

काँक्रीट ओतण्याआधी खालची जमीन धुम्मसने किंवा रोलरने दाबून घेतात. बांधकामाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, नाहीतर फुटपाथ खचेल. पण मोठ्या पोकळ्या तिथेच संपतात. चिकणमातीची घनता घन सेंटिमीटरला साधारण १.४ ग्रॅमच्या वर गेली की मुळाच्या टोकाला ती भेदणं कठीण जातं. त्यावर काँक्रीटचा थर आला की वरून हवा थांबते, पाणी थांबतं, आणि आत बनणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायची वाटही बंद होते.

पेव्हर ब्लॉकच्या फटींतून हवा जाते असा समज आहे. फटी असतात तीन ते पाच मिलिमीटरच्या, त्यांत वाळू भरलेली असते, आणि एक-दोन पावसाळ्यांत रस्त्यावरचा गाळ त्या बुजवून टाकतो. खालचा थरही दाबलेलाच असतो. तरी पेव्हर काँक्रीटपेक्षा बरे, कारण ते उचलता येतात. झाडाची मुळं फरशा उचलतात तेही यामुळेच. फरशी आणि दाबलेली जमीन यांच्या मधल्या बारीक फटीत थोडी हवा आणि ओल असते, मूळ नेमकं तिथे वाढतं आणि जाड होत फरशीला वर ढकलतं. मग लोक ते मूळ तोडतात.

बुंध्यावर माती चढवणंही तितकंच वाईट. बुंधा जमिनीला भिडतो तिथे तो रुंद होत मुळांत पसरतो. हा पसरट भाग उघडा दिसला पाहिजे. सालीवर बारीक वल्करंध्रं असतात, त्यांतून खोडाचं श्वसन चालतं. तिथे पंधरा-वीस सेंटिमीटर माती, राडारोडा किंवा काँक्रीट चढलं की साल कायम ओली राहते, कुजते आणि कुजलेल्या सालीतून बुरशी आत शिरते. मोठ्या झाडाला नंतर ओटा बांधून त्यात माती भरतात, तेव्हा नेमकं हेच होतं. रोप लावतानाच बांधलेला वड-पिंपळाचा पार वेगळा, तिथे झाडाची मुळं पहिल्यापासून त्याच उंचीवर वाढलेली असतात. खोडाला गेरू-चुना लावला तर फारसं बिघडत नाही, तैलरंग मात्र वल्करंध्रं बुजवतो.

आता कारण आणि परिणाम यांच्यात काळ किती जातो ते बघा. बारीक मुळं पहिल्या एक-दोन वर्षांतच मरू लागतात, पण खोडात आणि जाड मुळांत साठवलेल्या स्टार्चवर झाड पालवी फोडत राहतं. पुढे पानं नेहमीपेक्षा लहान येतात, विरळ होतात, उन्हाळ्याआधीच गळतात. मग शेंड्याच्या फांद्या वाळतात, कारण सर्वात लांब पाणी पोचवायचं असतं ते तिथे. दुबळ्या झाडात खोडकिडा शिरतो, बुंध्याशी गॅनोडर्मा या बुरशीच्या तपकिरी, फळीसारख्या छत्र्या दिसू लागतात. आणि एखाद्या वळवाच्या पावसात झाड मुळासकट आडवं होतं, तेव्हा दोष वाऱ्याला दिला जातो. फुटपाथ होऊन तोवर पाच-सात वर्षं झालेली असतात, त्यामुळे कुणी दोन्ही गोष्टी जोडून बघत नाही.

आळं मोकळं कसं करायचं

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर त्रिज्येतलं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. एक मीटर हे किमान समजावं, पुरेसं नव्हे. सार्वजनिक रस्त्यावरचं काँक्रीट स्वतः फोडू नये. फोटो, ठिकाण आणि बुंध्याचा घेर लिहून महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आणि क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यावा. सोसायटीच्या आवारातलं काम मात्र सोसायटीला लगेच करता येतं.

बुंध्याजवळचं दोन फूट छिन्नी-हातोड्यानेच फोडावं, तिथे ब्रेकर नको, त्याचा घाव सालीला बसतो. तुकडे वरच्या वर उचलावेत, पहारीने मुळांवर जोर देऊन उचकटू नयेत. खालची माती खोल खणू नये, कारण उरलेली मुळं अगदी वरच असतात. हाताने किंवा लहान खुरप्याने दोन-तीन सेंटिमीटर भुसभुशीत करावी. त्यावर पाच सेंटिमीटर मुरलेलं कंपोस्ट आणि त्यावर पाच ते आठ सेंटिमीटर पालापाचोळा. बुंध्यापासून दहा-पंधरा सेंटिमीटर जागा रिकामी सोडावी, पाचोळा सालीला टेकवू नये. खाली ओल आणि खाद्य मिळालं की गांडुळं स्वतः वर-खाली बिळं करतात, आणि घट्ट मातीत हवा जायला तेवढी वाट फार मोलाची असते. पाचोळा जाळणं किंवा कचऱ्याच्या गाडीत देणं म्हणजे झाडाचं अन्न बाहेर पाठवणं आहे.

यासाठी उत्तम काळ पावसाळ्याआधीचा मे महिना. मोकळी झालेली जागा गाड्यांच्या चाकांखाली पुन्हा दाबली जाऊ नये म्हणून कडेला उभे दगड लावावेत, पण सिमेंटचा सलग कठडा घालू नये. रस्त्यावरचं पाणी आत यायला फट हवी. फरक दिसायला वेळ लागतो. पहिला पावसाळा मुळांच्याच कामी जातो, दुसऱ्या वर्षीच्या पालवीत पानांचा आकार बघावा.

केबलचा चर

गुदमरण्याइतकंच मोठं नुकसान खोदकामाने होतं, आणि ते एका दिवसात होतं. मुळांचं जपायचं क्षेत्र काढायला सोपं गणित आहे. छातीच्या उंचीला, म्हणजे सुमारे १.३७ मीटरवर, टेपने खोडाचा घेर मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. व्यासाच्या १२ पट अंतर हे बुंध्यापासून जपायचं क्षेत्र. दीड मीटर घेराच्या पर्जन्यवृक्षाचा व्यास ४८ सेंटिमीटर, म्हणजे चारही बाजूंना पावणेसहा मीटर. शहरात एवढी जागा मिळत नाही हे खरं आहे, पण चर कुठल्या बाजूने न्यायचा हे ठरवताना हा आकडा हातात असावा.

एका बाजूने बुंध्याला खेटून चर गेला तर त्या बाजूची जवळजवळ सगळी मुळं तुटतात आणि झाडाचा तोल दुसऱ्या बाजूच्या मुळांवर राहतो. चर टाळता येत नसेल तर या क्षेत्रात जेसीबी आणू नये, हाताने खणावं. अडीच सेंटिमीटरपेक्षा बारीक मुळं करवतीने किंवा कात्रीने स्वच्छ कापली तर चालतात, ओढून फाटलेली जखम मात्र भरत नाही. त्याहून जाड मूळ लागलं तर ते कापू नये, केबल किंवा पाइप त्याच्या खालून न्यावा. उघडी पडलेली मुळं चर बुजेपर्यंत ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावीत, कारण बारीक मुळं उन्हात काही मिनिटांतच वाळतात. आणि चर बुजवताना मुळांजवळ राडारोडा न टाकता खणून काढलेलीच माती परत घालावी, वर धुम्मस मारू नये, नुसतं पाणी सोडून ती बसू द्यावी.